संत्र्याच्या निखाऱ्यांवरचं मांस

बैलाचं तोंड उघडायला मला शांतवनभाऊंनी शिकवलं. अकोल्यात पाच वर्षं पशुवैद्यकाचा अभ्यास करून मी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो, आणि पहिल्याच सकाळी एका पोट फुगलेल्या बैलानं माझी पदवी लाळेनं भिजवून टाकली. मी दोन्ही हातांनी जबडा ओढत होतो, बैल मान झटकत होता आणि त्याचा मालक सभ्यपणानं दुसरीकडे बघत होता. तेवढ्यात मागून एक सावळा, सडपातळ, पन्नाशीला आलेला माणूस आला. त्यानं मला हलकेच बाजूला सारलं, बैलाच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला आणि टाळूवर दाबला. बैलानं निमूट तोंड उघडलं.

"जबड्यासंग भांडू नका जी," ते म्हणाले. "कोपऱ्यात दात नसतात. तिथून जा. थो सोताच उघडते."

हे शांतवन तायडे, आमच्या दवाखान्याचे पट्टीबंधक. जनावराला धरणं, औषध पाजणं, जखम धुणं, पट्टी बांधणं हे त्यांचं काम. सरकारी कागदावर ते माझ्या हाताखाली होते. प्रत्यक्षात पहिली तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि हे गावातल्या बैलांनाही ठाऊक होतं.

त्यांचं घर आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेलं. बाकी बोलणं, भांडणं, भाकर, ठेचा सगळं अस्सल वऱ्हाडी. दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची बायको मार्थाबाई राहायचे. मूलबाळ नव्हतं. मी समोरच एक खोली भाड्यानं घेतली होती, त्यामुळे सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या कंटाळ्यापर्यंत आमचा सहवास होता.

कंटाळा म्हणालो, पण तो साधा कंटाळा नव्हता. ती वर्षंच थकवणारी होती. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत रोज आपल्याच जिल्ह्याचं नाव, आणि ते वाचून चहा गोड लागेना. मंत्र्यांच्या गाड्या यायच्या, धूळ उडवून जायच्या. आमच्या दवाखान्यात हे सगळं वेगळ्या वाटेनं पोचत होतं. जनावरं कमी होत चालली होती, कारण लोक ती विकत होते. जी यायची त्यांच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. मी तपासायचो, चिठ्ठीवर काहीतरी टॉनिक लिहायचो आणि मलाच माझी लाज वाटायची. शांतवनभाऊ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "याले भूक लागून राहिली साहेब. भुकेचं इंजेक्शन असन तर द्या." मालकासमोर ते असं कधी बोलत नसत. मालक गेल्यावर बोलत.

त्यांची एक सवय मला आधी कळली नव्हती. गुरांच्या बाजाराच्या दिवशी ते नेमकी रजा टाकायचे. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले की बाजारात लोक त्यांना धरून बैलाचे दात दाखवतात. बैलाच्या दातांवरून त्याचं वय कळतं, आणि शांतवनभाऊंचा शब्द आजूबाजूच्या दहा गावांत शेवटचा मानला जाई. विकणाऱ्याला वाटायचं यांनी वय कमी सांगावं, घेणाऱ्याला वाटायचं खरं सांगावं. "खोटं माह्याच्यानं बोलवत नाही, आन् खरं बोललो तर विकणाराचं पोरगं उपाशी. त्याच्यापेक्षा घरी बसून खर्रा घोटलेला बरा," असा त्यांचा हिशेब. त्यानंतर बाजाराच्या दिवशीच्या रजेवर मी न विचारता सही करू लागलो.

खर्रा मात्र ते एरवीही घोटायचेच. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घासायचा, त्याचा खरखर आवाज हा त्या दवाखान्याचा घड्याळासारखा आवाज होता. सकाळी एक, जेवणाआधी एक, जेवणानंतर एक, आणि मध्ये एखादं जनावर अवघड आलं तर अजून एक. मी नवा असताना भाषण द्यायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, खर्रा तोंडात असला का माणूस वरच्या साहेबाले उलटून बोलत नाही. नोकरी यानंच टिकली माही." मी स्वतःही हसून सोडून द्यायचो. तेव्हा हसलो याचं मला आज वाईट वाटतं.

या माणसाला वर्षातून एकदाच काहीतरी मनापासून हवं असायचं, ते म्हणजे नाताळचं डुकराचं मांस. नवा शर्ट नाही, गावाला जाणं नाही, काही नाही. दिवाळी झाली की ते परतवाड्याकडच्या आपल्या माणसाला निरोप धाडायचे, की फऱ्याचा, म्हणजे खांद्याचा, तुकडा राखून ठेव, चरबीसकट. मार्थाबाई म्हणायच्या, "यायले येशूचा जन्म पाठ नाही, फऱ्याचं वजन पाठ हाय." ते कबूल करायचे.

पहिल्या नाताळाला मी लांबूनच बघितलं. आमच्या घरी मटण व्हायचं तेही अंगणात, वेगळ्या चुलीवर, आणि आई त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराला उभी राहून पहारा द्यायची. डुकराचं तर नावही निघत नसे. पण त्यांची ती तयारी बघण्यासारखी होती. आदल्या संध्याकाळी मीठ, गूळ, तिखट, जिरं आणि ठेचलेला लसूण त्या तुकड्याला चोळायचा, चोळायचा, इतका की बघणाऱ्याचे हात दुखावेत. ओल्या फडक्यात गुंडाळून थंडीत ठेवायचा. सकाळी प्रार्थनेला जायच्या आधी परसात चर खणून त्यात लाकडं पेटवायची आणि प्रार्थनेहून परत येईपर्यंत त्यांचे निखारे होऊ द्यायचे.

भांडं होतं दवाखान्यातलं. सुया उकळायचं जुनं जाड स्टीलचं भांडं नादुरुस्त म्हणून काढून टाकलं, ते त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतलेलं. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "तीस वर्सं निस्तं उकळत होतं जी थे. इतकं चोख भांडं पुऱ्या तालुक्यात नसन." तळाला कांद्याचे जाड काप, त्यावर मांस, वाटीभर पाणी, झाकण, आणि झाकणाच्या कडेनं भिजवलेली कणीक लिंपून सगळं बंद. खाली निखारे, झाकणावर निखारे. मग आठ तास झाकण उघडायचं नाही.

न उघडता कळायचं कसं, तर त्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. भांड्याला लोखंडी सराटा, म्हणजे उलथनं, टेकवायचा, त्याचा लांब दांडा धरायचा आणि दांड्यावर माझा स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. डोळे मिटलेले, चेहरा गंभीर. खळखळ ऐकू आली तर निखारे ओढून घ्यायचे. हळू, सावकाश तुरतुर हवी. दुपारी मी विचारलं, झालं का, तर कान न काढता म्हणाले, "दिवस नाही भरले जी अजून."

धूर ही त्यांच्या विद्येतली शेवटची गोष्ट, आणि ती भिंतीपलीकडून आली होती. भिंतीपलीकडे हमीदाखाला राहायच्या. त्यांच्या खिम्याला धुराचा वास असायचा, म्हणून शांतवनभाऊंनी भिंतीवरून कृती विचारली. खालांनी सगळी सांगितली. पेटता निखारा वाटीत घ्यायचा, वाटी शिजलेल्या मांसाच्या मधोमध ठेवायची, वर तुपाचे दोन थेंब सोडायचे आणि झाकण घट्ट लावायचं. वर त्यांनी आपली पितळी वाटीही दिली. कोणत्या मांसाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, मटणाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी हे वाटी घासून परत द्यायला गेले. खालांनी हात पुढे केला नाही.

"रख ले, वो अब तेरी हुई," त्या म्हणाल्या. "बोल देता शांतवन, तो मैं क्या धुआँ वापस माँगती?"

ही गोष्ट ते स्वतःच मला सांगायचे, आणि सांगताना दरवेळी त्यांची मान खाली जायची. खरं बोलणाऱ्या माणसानं तोवर एकदाच बोललेलं खोटं ते तेवढं. पुढे दरवर्षी नाताळच्या आठवडाभर आधी ते खालांना जाऊन सांगायचे की अमुक दिवशी वास येईल. खाला त्या दिवशी लेकीकडे अमरावतीला जायच्या आणि परत येताना मार्थाबाईंसाठी बांगड्या आणायच्या.

लाकूड संत्र्याचं. हे मुद्दाम ठरवून झालं नव्हतं. मोर्शीकडच्या बाजूला वासुदेवराव नावाचे एक शेतकरी होते, त्यांची गाय अडली म्हणून आम्ही गेलो. गाईचं काम उरकून बाहेर आलो तर बागेत कुऱ्हाडी चालू होत्या. वीस वर्षांची संत्र्याची झाडं. बोअर खोल गेलं, अजून खोल गेलं, मग नुसती धूळ वर आली आणि बाग उभ्याउभ्या वाळली. वासुदेवराव बांधावर बसून मोजणी करावी तसं एकेक झाड पडताना बघत होते. मी सहानुभूतीचं काहीतरी बोललो, जे असल्या वेळी शिकलेली माणसं बोलतात. शांतवनभाऊ वाकले. त्यांनी एक ढलपी उचलली, नाकाला लावली आणि वासुदेवरावांकडे दिली. त्यांनीही ती हुंगली. मग शांतवनभाऊ त्यांच्याशेजारी बांधावर बसले. निघताना वासुदेवरावांनी आमच्या जीपमध्ये पाच-सहा ओंडके टाकले आणि म्हणाले, "न्या बाप्पा. चुलीतच जाणार हाय, तं ओळखीच्या चुलीत जाऊ द्या."

त्या नाताळला वासुदेवराव स्वतः आले. ते माळकरी, तिथे पाणीही न पिणारे. चरापासून चार हातांवर पोतं अंथरून दिवसभर बसून होते. संत्र्याचं लाकूड धूर कमी करतं, निखारा धरून ठेवतं आणि जळताना सालीसारखा गोडसर कडू वास येतो. शांतवनभाऊंनी त्यांना काही खायचा आग्रह केला नाही. मध्येमध्ये एखादा ओंडका त्यांच्या हातात द्यायचे आणि तो ते स्वतः आगीत ठेवायचे. दिवस कलल्यावर उठले, धोतर झटकलं आणि गेले.

त्याच वर्षी मी पहिल्यांदा ते मांस खाल्लं. आईची आठवण काढून आणि मग ती बाजूला ठेवून. भांडं आगीवरून काढल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं, "निजू द्या त्याले" म्हणायचे ते. मग कणीक फोडायची. सुरी वापरायची नाही. ते हाडाला धरून जरा हलवायचे आणि हाड मांसातून आपसूक बाहेर यायचं, धुतल्यासारखं स्वच्छ. बाकीचं बोटांनी धाग्याधाग्यानं मोकळं करायचं आणि ते धागे तळाच्या चरबीत, कांद्यात परत घोळायचे. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं की दातांना काही कामच उरत नसे. इतकं मऊ कशाला, असं एकदा मी विचारलं. ते म्हणाले, चांगलं मांस असंच असतं. मी विश्वास ठेवला.

मग एक वर्ष असं आलं की संत्र्याचं लाकूड मिळालं नाही. त्या बाजूच्या तोडायच्या बागा तोडून संपल्या होत्या. मार्थाबाईंनी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणून ठेवली. वऱ्हाडात पऱ्हाटीला तोटा नाही, पण ती भडकते आणि विझते, निखारा म्हणून धरत नाही. शांतवनभाऊ दिवसभर चरापाशी उकिडवे बसून मूठमूठ पऱ्हाटी सारत राहिले, आणि संध्याकाळी भांडं उघडलं तेव्हा मांस शिजलेलं होतं पण सुटत नव्हतं. पाहुणे आले होते, सगळ्यांनी चावून चावून खाल्लं आणि चांगलं झालं म्हणाले. मी शांतवनभाऊंकडे पाहत होतो. त्यांनी एक तुकडा ओठाशी नेला, उभा धरला, आडवा धरला, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून परत ताटात ठेवला. भाकरी तेवढी भाजीच्या रसात कुस्करून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात उजेडात बसवलं. म्हणालो, तोंड उघडा. ते म्हणाले, तुम्ही जनावरांचे डाक्टर. मी म्हणालो, तेच समजा. त्यांनी उघडलं. पूर्ण उघडलं तेव्हा माझी दोन बोटं, एकावर एक धरून, जेमतेम गेली. आतून गाल दोरीसारखे ताठ आणि टाळू पांढरी पडलेली. किती दिवसांपासून, तर चार वर्षं. आधी तीन बोटं जायची म्हणे. मी मागचे नाताळ आठवले. दरवर्षी मांस मऊ होत गेलं, तिखट कमी होत गेलं, आम्ही मिटक्या मारून तारीफ करत गेलो, आणि हा माणूस आपल्या मिटत चाललेल्या तोंडाच्या मापानं ते शिजवत होता.

"अमरावतीले दाखवा," मी म्हणालो. "आणि तो खर्रा आजपासून बंद."

"बंद तर तोंडच होऊन राहिलं जी," ते म्हणाले. "पण खाता येते. बारीक केलं का येते. एवढं नाताळचं तेवढं जाऊ नये."

त्यांनी खर्रा सोडला नाही. सोडला असं सांगायचे, आणि त्यांना खोटं बोलवत नसल्यामुळे सांगताना भिंतीकडे बघायचे. मी भांडलो, मार्थाबाई रडल्या, मग आम्ही दोघंही थकलो. त्या वर्षांत प्रत्येकजण कशाला ना कशाला थकलेला होता, आणि दुसऱ्याच्या सवयीशी लढायचं बळ फार दिवस पुरत नसे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खरोखर तसं होतं.

माझी बदली अकोल्याला झाली. पुढच्या दोन नाताळांना मी गेलो, कुठल्या तरी सरपणवाल्याकडून संत्र्याचे दोन-चार ओंडके पिशवीत घेऊन गेलो. दीड बोट. मग एक बोट. मांस आठऐवजी दहा तास शिजू लागलं. ते एकेक धागा बोटानं दातांच्या फटीतून आत सरकवायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर थकवा नसायचा. मग गालाच्या आत जखम झाली आणि ती बरी होईना. नागपूरला ऑपरेशन झालं, जबड्याचा एक भाग गेला, नंतर महिनाभर शेक, म्हणजे रेडिएशन. मार्थाबाईंनी मला फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर, काही विचारायचं आहे का, असं म्हटलं, तेव्हा यांनी पाटीवर लिहून एकच विचारलं, नाताळात खाता येईन का. डॉक्टर म्हणाले, बघू, मऊ असेल तर.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या नाताळला. अंगणात खुर्चीवर शाल पांघरून बसले होते. चेहऱ्याची उजवी बाजू आत गेलेली, वजन निम्मं झालेलं. चर मार्थाबाईंनी खणला होता, कणीक त्यांनीच लिंपली होती, आणि हे बोटानं दाखवत होते, निखारा इकडे, अजून थोडा, आता राहू दे. मी स्टेथोस्कोप आणला नव्हता. त्यांनी नुसती मान तिरपी करून ऐकल्यासारखं केलं आणि दोनदा हात हलवून थांबा म्हणून सांगितलं.

उघडलं तेव्हा मांस इतकं शिजलं होतं की हाड हलवायचीही गरज पडली नाही. धागे मात्र त्यांनीच सोडवले. खुर्चीवर ताट मांडीला घेऊन, एकेक, शेवयांसारखे बारीक. अर्धा तास लागला असेल. कोणी घाई केली नाही. मार्थाबाईंचा भाऊ आणि त्याची बायको आले होते, मी होतो, सगळ्यांची ताटं वाढून झाली आणि कोणी घास उचलेना. सगळे दुसरीकडे बघत होतो आणि सगळ्यांचं लक्ष तिथंच होतं.

त्यांनी एक धागा चरबीत बुडवला, ओठांच्या उरलेल्या फटीत ठेवला आणि बोटानं आत ढकलला. बराच वेळ काही झालं नाही. मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. गिळलं. मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला. आम्हीही मग जेवायला लागलो. मी घास घेतला. मांस उत्तम झालं होतं, मीठ अगदी हवं तेवढं, कदाचित चिमूटभर जास्तच.

ते तोंडात जीभ फिरवत होते, काहीतरी शोधल्यासारखी. पुन्हा एक धागा घेतला. पुन्हा जीभ फिरवली. मग आमच्याकडे बघितलं, आणि जड, अडखळत्या आवाजात, एकेक शब्द जुळवत म्हणाले,

"मीठ कमी हाय."

शेकानं जिभेची चव जाते, हे मला माहीत होतं. मार्थाबाईंना माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. त्या उठल्या, घरातून मिठाची बरणी घेऊन आल्या आणि आधी शांतवनभाऊंच्या, मग भावाच्या, भावजयीच्या आणि शेवटी माझ्या ताटात चिमूट चिमूट मीठ सोडत गेल्या. भावजय काही म्हणणार होती, तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. शांतवनभाऊ आमच्या तोंडांकडे बघत होते, बैलाला ढोस पाजल्यावर तो गिळतो की नाही ते बघावं तसं.

"आता?" त्यांनी मला विचारलं.

"आता बरोबर झालं, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीला टेकून बसले. मार्थाबाईंनी मला अजून वाढलं, वर मीठ घातलं, आणि मी ते सगळं संपवलं.